झालं म्हणजे नक्की किती झालं?

नातेवाइकांत कुठलंही कार्य असलं की मला एक प्रश्न हमखास येतो, "तू त्या कंपनीत नक्की करतेस तरी काय गं?" 'प्रॉडक्शन प्लॅनिंग' असं उत्तर दिलं की समोरची आत्या किंवा मावशी "बरं बरं" म्हणते आणि विषय भाज्यांच्या भावावर जातो. म्हणून म्हटलं, घरच्यांसाठी आणि ब्लॉगवरच्या मित्रमंडळींसाठी एकदा लिहूनच टाकावं. पण आधीच सांगते, ही माहितीपर पोस्ट नाही. मला भांडायचंय. भोसरी-चाकण पट्ट्यात इतकी वर्षं काढल्यावर ज्या एका वाक्याने माझं डोकं फिरतं, त्या वाक्याशी भांडायचंय. ते वाक्य म्हणजे, "आमचे कामगार सिस्टीममध्ये एंट्रीच नीट करत नाहीत हो!"

आधी थोडी पार्श्वभूमी. समजा, दिवाळीसाठी कुणी तुमच्याकडे २०० चकल्या सांगितल्या. भाजणी किती, तेल किती, तीळ-तिखट किती ही यादी म्हणजे आमचं बिल ऑफ मटेरियल. उकड काढणं, मळणं, सोऱ्यातून पाडणं, तळणं हा क्रम म्हणजे राउटिंग. आणि 'अमुक माल, इतके नग, या तारखेपर्यंत' असा जो हुकूम निघतो ती मॅन्युफॅक्चरिंग ऑर्डर. सॅपमध्ये तिला प्रॉडक्शन ऑर्डर म्हणतात, ईआरपीनेक्स्टमध्ये वर्क ऑर्डर. नावं वेगळी, वस्तू तीच. काम जसं पुढे सरकेल तसं त्या ऑर्डरवर लिहीत जायचं, की इतके नग झाले, इतके बिघडले, इतका वेळ लागला. बस्स. माझ्या कामाचा अर्धा भाग हे लिहिलेलं वाचण्यात जातो आणि उरलेला अर्धा ते खरं आहे का हे शोधण्यात!

आता चकल्यांकडेच बघा. तळताना ३० तुटल्या. तुटलेल्या पोरांनी खाल्ल्या, तुम्ही आणखी ३० पाडल्या आणि डब्यात मोजून २०० भरल्या. गिऱ्हाईक खूश. कुणी विचारलं तर तुम्ही सांगणार, "२०० झाल्या." खोटं नाही ते. पण भाजणी संपली २३० चकल्यांची. डब्यावरची चिठ्ठी वाचून जो पुढच्या वेळची भाजणी दळायला टाकेल तो फसणार. एवढं लक्षात आलं तर माझी पुढची सगळी पोस्ट तुम्हाला कळली असं समजा.

कारखान्यात नेमकं हेच होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर आणि संगणकाच्या साक्षीने.

बऱ्याच ठिकाणी पद्धत अशी असते. शिफ्ट संपताना सुपरवायझर एका वहीत आकडे लिहितो. वही दुसऱ्या दिवशी ऑफिसात येते. तिथला डेटा एंट्रीचा मुलगा, ज्याने ते मशीन कदाचित कधी पाहिलेलंही नसतं, आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरतो. वहीतला ७ त्याला १ वाटला तर १. कधी वही दोन दिवस येतच नाही. मग महिनाअखेरीला धावपळ होते आणि ३० तारखेला रात्री ९ वाजता महिनाभराच्या ऑर्डरी धडाधड 'पूर्ण' होतात. सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवायचा तर आमच्या भागातले कारखाने २५ दिवस झोपतात आणि शेवटच्या पाच दिवसांत सगळा महिना उरकतात.

यात आणखी एक गंमत आहे, तिचं नाव बॅकफ्लश. शेवटच्या ऑपरेशनला 'इतके चांगले नग तयार' एवढं सांगितलं, की त्याला लागणारा माल सॉफ्टवेअर यादीवरून आपोआप वजा करतं. मधल्या ऑपरेशनच्या नोंदीही एका फटक्यात पूर्ण दाखवायची सोय असते. वेळसुद्धा ठरलेलाच धरायचा. म्हणजे टर्निंगला नगामागे ४ मिनिटं ठरली असतील, तर ५०० नगांना २००० मिनिटं. प्रत्यक्षात टूल तीनदा तुटलं, अर्धा दिवस क्रेनची वाट बघण्यात गेला, तरी नोंदीत २००० मिनिटंच! 'प्रत्यक्ष' आणि 'ठरलेला' यांत कधी फरकच पडत नाही. साहेब खूश. आणि पुढच्या वर्षी तोच नग त्याच तोट्याच्या भावाने पुन्हा कोट केला जातो, कारण कागदोपत्री तोटा झालेलाच नसतो.

सोय वाईट नाही हं. झटपट बनणारा माल असेल, क्रम ठरलेला असेल आणि बाद नग इमानेइतबारे वेगळे लिहिले जात असतील, तर बॅकफ्लशने खूप कटकट वाचते. पण 'बाद नग वेगळे लिहिणं' ही अट गाळून सोय तेवढी घेतली की ती सोय राहत नाही, ते पांघरूण होतं.

आणि मला चीड येते ती इथे. बाद नग का लिहिले जात नाहीत?

एका कारखान्यात पाहिलेली गोष्ट सांगते. नाव-गाव विचारू नका. सेकंड शिफ्टच्या एका ऑपरेटरने एकदा प्रामाणिकपणे १८ नग बाद लिहिले आणि कारणाच्या जागी 'बार मऊ लागतोय' असंही लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये तो आकडा लाल रंगात पडद्यावर आला. बार कुठून आला, कुठल्या हीटचा आहे, तपासला का, हे कुणीच विचारलं नाही. विचारलं एवढंच, की "मशीनवर कोण होतं?" त्या महिन्याचा त्याचा इन्सेंटिव्ह कापला गेला. पुढच्या महिन्यात त्या लाइनचं रिजेक्शन शून्यावर आलं. भिंतीवर तक्ता लागला, 'झीरो रिजेक्शन', आणि पेढेसुद्धा वाटले.

नग बाद व्हायचे थांबले नव्हते. लिहायचे थांबले होते. बिघडलेला नग गुपचूप भंगाराच्या बिनमध्ये जायचा आणि शॉपवरच्या रॅकमधून आणखी एक बार ओढून भरपाई व्हायची. ऑर्डर ५०० ची, तयार ५००, माल वजा ५०० चाच. चकलीचा हिशेब.

मार्चअखेरीला स्टॉक मोजला. सॉफ्टवेअरच्या हिशेबापेक्षा रॅकवर २२ बार कमी! आता बार काही हवेत विरत नाहीत. म्हणजे चोरी. म्हणजे स्टोअरमधला कंत्राटी हेल्पर, कारण रॅकवर बार चढवायचं काम त्याचं आणि कंत्राटी माणसाच्या बाजूने बोलणारं कुणी नसतं. चौकशी-बिवकशी काही नाही. कंत्राटदाराला फोन गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरच थांबवलं.

मी तेव्हा त्या कारखान्यात प्लॅनिंगला नुकतीच लागले होते. मला तो आकडा पटेना. मी भंगाराच्या वजनकाट्याच्या पावत्या मागवल्या. भंगारवाला टर्निंगच्या चुऱ्याचा भाव वेगळा लावतो आणि अख्ख्या तुकड्यांचा वेगळा, त्यामुळे त्याच्या पावतीवर दोन्ही वजनं वेगवेगळी असतात. गेल्या तीन महिन्यांत अख्खे तुकडे गेले होते सुमारे ३७० किलो. टर्न झालेला एक नग साधारण १.२ किलोचा. म्हणजे ३०८ नग. एका बारमधून १४ नग निघतात. ३०८ भागिले १४, बरोब्बर २२. इतका चोख हिशेब आयुष्यात क्वचितच जुळतो. 'झीरो रिजेक्शन'चा तक्ता तोपर्यंत भिंतीवर होता.

मी तो कागद वर दिला. स्टॉक 'ॲडजस्ट' झाला. त्या हेल्परला मात्र कुणी परत बोलावलं नाही. "आता कुठे शोधायचं त्याला" असं उत्तर मिळालं.

तेव्हा कुणी मला 'एंट्री काय, कारकुनी काम' असं म्हणालं की मला तो आठवतो. न लिहिलेल्या नोंदीची किंमत कुणीतरी मोजतंच. आणि ज्याने लिहिलं नाही तो ती क्वचितच मोजतो, ज्याच्या भीतीने लिहिलं नाही तो तर कधीच मोजत नाही.

आता नेहमीच्या सबबी घेऊ.

"आमचे लोक शिकलेले नाहीत हो, त्यांना कॉम्प्युटर जमत नाही." अहो, तोच माणूस टपरीवर चहाचे पैसे मोबाइलने देतो, गावाकडच्या ग्रुपवर दिवसाला २० फोटो टाकतो, आयटीआय होऊन सीएनसीचे ऑफसेट भरतो! मायक्रॉनमध्ये आकडे भरणाऱ्या माणसाला 'चांगले ४८, बाद २' भरता येत नाही? तुम्ही त्याच्यापुढे १४ चौकटींचा इंग्रजी पडदा ठेवलात, त्यातल्या १० अकाउंट्सच्या सोयीच्या, आणि तोही पडदा मशीनपासून ६० पावलांवर सुपरवायझरच्या कुलूपबंद केबिनमध्ये. त्याला जमत नाही की तुम्हाला त्याने लिहायला नको आहे?

"वेळ जातो." काढू हिशेब. आठ तासांच्या शिफ्टमध्ये दर दोन तासांनी एक नोंद, प्रत्येकी अर्धा मिनिट. झाली दोन मिनिटं. बाद नगांची आणखी तीन धरा. ४८० मिनिटांतली पाच. त्यापुढे महिनाअखेरीला तिघांचे दोन-दोन दिवस आकडे 'जुळवण्यात' जातात ते बघा. ते कुठल्याच ऑर्डरवर नोंदवले जात नाहीत, म्हणून फुकट वाटतात!

"मशीनला सेन्सर लावला की माणसाची गरजच नाही." हे हल्लीचं नवं. लावा की, मी नाही म्हणत नाही. पण सेन्सर सायकल मोजतो, नग नाही. सेटिंगचा पहिला नग, रिकामी चालवलेली सायकल, दुरुस्तीला परत आलेला नग, सगळे त्याला सारखेच. नग चांगला की बाद हे गेज लावणाऱ्या हाताला कळतं, आणि का बाद झाला हे तर त्या हाताच्या मालकालाच.

"शेवटी डिलिव्हरी गेली ना? मग झालं!" गेली, पण कशी? सॉफ्टवेअर म्हणत होतं २२ बार आहेत, म्हणून खरेदीची मागणी निघालीच नाही. ऐनवेळी रॅक रिकामा. मग बाजारातून मिळेल त्या भावाने माल, रविवारचा ओव्हरटाइम, स्पेशल टेम्पो. हे सगळं 'अचानक आलेली अडचण' या नावाखाली. त्यात अचानक काहीच नव्हतं. तीन महिन्यांपासून ते भंगाराच्या बिनमध्ये पडून होतं.

आणि हा फक्त पैशांचा प्रश्न नाही. गाड्यांचे भाग बनवणाऱ्यांना आयएटीएफ १६९४९ हे २०१६ चं मानक पाळावं लागतं. त्यात मालाचा माग ठेवणं आलं. उद्या एखाद्या शाफ्टला तडा गेला तर तो कुठल्या हीटच्या पोलादाचा, त्या लॉटचे बाकीचे नग कुठे गेले, हे सांगता आलं पाहिजे. ३० तारखेला रात्री ९ वाजता भरलेल्या नोंदीवरून कुठला माग काढणार? हीट ट्रीटमेंटला बाहेर दिलेल्या मालाचंही तेच. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल सर्वसाधारणपणे एका वर्षात परत यावा किंवा तिथूनच रीतसर विकला जावा लागतो, नाहीतर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर लागतो. किती गेले, किती आले, तिथे किती बाद झाले हे ऑर्डरवर नसेल तर वर्षाने कुणाला आठवणार आहे?

एक शिवी मात्र मला 'टक्क्यांना' वेगळी घालायची आहे. "ती ऑर्डर ९० टक्के झाली मॅडम!" ९० टक्के म्हणजे काय? सहापैकी पाच ऑपरेशन झाली? की ५०० पैकी ४५० नग झाले? की सगळे नग हीट ट्रीटमेंटवाल्याच्या दारात आठ दिवस पडून आहेत आणि ग्राइंडिंग तेवढं 'राहिलंय'? पंगत बसलीय, भाजी-आमटी तयार, फक्त भाताचा कुकर लावायचाय, तर जेवण किती टक्के तयार? टक्केवारी हे उत्तर नसून उत्तर टाळायची सभ्य पद्धत आहे. (अमेरिकेतल्या माझ्या आयटी ब्लॉगर मित्रांनो, हसू नका. शुक्रवारी संध्याकाळी आठवड्याच्या टाइमशीटवर आठ-आठ-आठ-आठ-आठ भरणारे तुम्हीच ना?)

बरं, हे शहाणपण काही नवीन नाही. हेन्री गँटचे तक्ते सगळ्यांना माहीत असतात. त्या तक्त्यांवर वॉलेस क्लार्कने १९२२ साली पुस्तक लिहिलं. त्यात कामगाराचं काम ठरल्यापेक्षा कमी झालं तर तिथे कारणाचं अक्षर लिहायची पद्धत दिली आहे. मालाची अडचण, टूलची अडचण, मशीनची दुरुस्ती, प्रत्येकाला आपलं अक्षर. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदी तक्त्यात 'का' लिहायला जागा होती! आजच्या सॉफ्टवेअरमध्येही आहे. सॅपच्या नोंदीच्या पडद्यावर चांगले, बाद, दुरुस्तीचे नग आणि फरकाचं कारण, सगळ्यांना चौकट आहे. ईआरपीनेक्स्टमध्ये ऑपरेशनगणिक जॉब कार्ड आहे. चौकटी आहेत, त्या रिकाम्या ठेवायचा हुकूम मात्र माणसांचा आहे.

डेमिंगचं नाव तर प्रत्येक क्वालिटी ट्रेनिंगच्या पहिल्या स्लाइडवर असतं. त्याच्या १४ मुद्द्यांतला आठवा मुद्दा कामाच्या जागेवरची भीती घालवण्याबद्दल आहे. टोयोटात काहीतरी चुकतंय असं दिसलं की लाइनवरचा कामगार दोरी ओढून मदत मागतो आणि वेळ पडली तर लाइन थांबते. आपण त्यांच्या कारखान्यांना भेटी देतो, दोरीचे फोटो काढतो, परत येतो आणि १८ बाद नग लिहिणाऱ्याचा इन्सेंटिव्ह कापतो.

नुसती टीका करून काय उपयोग, म्हणून मला काय हवंय तेही लिहिते. ज्याने काम केलं त्यानेच, मशीनजवळच, त्याच वेळी नोंद करावी. टक्के नकोत, तीन आकडे हवेत: चांगले, बाद, दुरुस्तीला. बाद असतील तर कारण, आणि त्या कारणांची यादी शॉपवरच्या लोकांनी बनवलेली, मराठीत, दहाच्या आत, 'ऑपरेटरची चूक' हे पहिलं कारण नसलेली. बादच्या नोंदीवरून कुणाचा एक रुपयाही कापायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या नोंदीला उत्तर मिळालं पाहिजे. 'बार मऊ लागतोय' असं कुणी लिहिलं तर पुढच्या शिफ्टच्या आत कुणीतरी हार्डनेस टेस्टर घेऊन त्या मशीनपाशी उभं असलं पाहिजे. लिहिलेलं वाचलं जातंय हे एकदा दिसलं की लोक लिहितात. लिहून दगड खावा लागतो हे एकदा दिसलं की ते गप्प बसतात. इतकं साधं आहे हे, यासाठी लाखोंचं लायसन्स लागत नाही.

शाळेत रोजनिशी लिहायला लावायचे, आठवतं? बाई ती वाचत नाहीत हे कळलं की आपण रविवारी बसून सात दिवसांचं 'सकाळी लवकर उठलो' लिहून काढायचो. आणि खरं लिहिल्यावर छडी मिळते हे कळलं असतं, तर सगळेच रोज पहाटे पाचला उठलो असतो.

असो. लांबली पोस्ट, आणि नेहमीपेक्षा तिखटही झाली. घरच्या मंडळींनो, आता निदान 'बरं बरं' म्हणून विषय बदलू नका. आणि कारखान्यांत, दवाखान्यांत, बँकांत, शाळांत काम करणाऱ्या माझ्या ब्लॉगर मित्रमैत्रिणींनो, तुमच्याकडे 'झालं' हे कोण लिहितं, कधी लिहितं आणि 'बिघडलं' असं लिहिल्यावर त्याचं पुढे काय होतं, ते प्रतिक्रियांत जरूर कळवा. माझी खात्री आहे, भंगाराच्या पावत्या फक्त आमच्याकडेच नसणार.